अठरा ते तीस : या वयातल्या हृदयाकडे कोण पाहणार?



दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आमच्या सिहोऱ्यातून आणि चुल्हाड, हरदोली, बपेरा अशा आजूबाजूच्या गावांतून मुलं-मुली बाहेर पडतात. कोणी रोज एसटीने तुमसरला जाऊन-येऊन पदवी करतो, कोणी भंडारा-गोंदियाला खोली घेतो, कोणी थेट नागपूर गाठतो. दाखला न्यायला पालक शाळेत येतात तेव्हा त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. "गुरुजी, कोणती शाखा बरी? होस्टेल भेटेल का? शिष्यवृत्तीचा फॉर्म कधी भरायचा?" इतक्या वर्षांत एकाही पालकाने मला विचारलं नाही, की "तिथं पोरगं खाईल काय?" आणि खरं सांगतो, मीही हा प्रश्न कधी कोणाला विचारला नाही.

तो प्रश्न माझ्या डोक्यात कसा शिरला ते आधी सांगतो.

रक्तदानाच्या रांगेतून परत आलेला मुलगा

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. नागपूरला पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होता. वय वीस, अंगाने काडीसारखा. बोलता बोलता हसतच म्हणाला, "गुरुजी, कॉलेजात रक्तदान शिबिर होतं. मले त परतच पाठवलं."

मी विचारलं, "का रे? वजन कमी भरलं?"

"नाही जी. बीपी जास्त निघाला म्हणे. एकशे बावन्न आणि शहाण्णव. मशीनच बिघडली असन. मी त बारीक आहो, मले कायचा बीपी?"

रक्तदान करणाऱ्याचा वरचा रक्तदाब १०० ते १४० आणि खालचा ६० ते ९० या मर्यादेत असावा, असा आपल्याकडे नियम आहे. त्याचे दोन्ही आकडे वर होते. मी त्याला म्हटलं, "मशीनचं राहू दे, दिवसभरात तू खातो काय ते सांग." त्याने जे सांगितलं ते ऐकून मी गप्प झालो. सकाळी चहा आणि दोन टोस्ट. अकराच्या सुमारास चौकातला आलूबोंडा किंवा तर्री-पोहे. दुपारी मेसचा डबा आवडला तर भात तेवढा खायचा, भाजी तशीच परत. संध्याकाळी समोसा. रात्री अभ्यासाला बसलं की नूडल्सचं पाकीट आणि वीस रुपयांची एनर्जी ड्रिंकची बाटली. मधेच भूक लागली तर खर्रा.

मी त्याला आठवीत विज्ञान शिकवलं होतं. हृदयाचे चार कप्पे, झडपा, धमन्या, शिरा. नामनिर्देशित आकृती त्याने सुंदर काढली होती, मी पूर्ण गुण दिले होते. पण त्या आकृतीतल्या धमन्यांत आपण रोज काय ओततो, हे मी त्याला शिकवलं नव्हतं.

"बारीक आहो" म्हणजे सुरक्षित आहो?

आपल्याकडे हृदयरोग म्हटला की डोळ्यांसमोर सुटलेल्या पोटाचा, पन्नाशीतला माणूस येतो. बारीक मुलाची आई तर उलट काळजी करते, "गुरुजी, पोट्टा जेवते बरोबर, पण अंगाले काही लागत नाही." तो बारीक आहे म्हणून त्याला काही होणार नाही, हा आपला समज आहे. आणि तो चुकीचा आहे, हे जगाला दाखवून दिलं ते आपल्याच महाराष्ट्रातल्या अभ्यासाने.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्या गावांतल्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदम्प्टन शहरातल्या बाळांशी केली. तिकडचं बाळ सरासरी साडेतीन किलोचं, आपलं २.७ किलोचं. आपलं बाळ हाडापेराने लहान, स्नायूंनी कमी. पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. दिसायला बारीक, आतून चरबी जास्त! आपली ही ठेवण जन्मापासूनची आहे.

२००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा होता : २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! म्हणून वजनकाट्यावर भरवसा ठेवून आपल्याला चालत नाही. आपल्या लोकांसाठी कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही सीमा मानतात, ती याचसाठी. शिंप्याची टेप घ्या आणि घरातल्या सगळ्यांची कंबर एकदा मोजून पाहा.

हे दुखणं नेमकं केव्हा सुरू होतं?

"अहो, वीस वर्षांच्या पोराच्या हृदयाला काय धाड भरली आहे?" असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं.

कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची हृदयं डॉक्टरांनी तपासली. त्याचा अहवाल १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या सैनिकांचं सरासरी वय होतं २२ वर्षं, म्हणजे आपल्या पदवीच्या मुलांएवढं. धडधाकट तरुण, रोज कवायत करणारे. तरी त्यांतल्या ७७ टक्के जणांच्या हृदयाच्या धमन्यांत रोगाच्या खुणा दिसल्या. कोणाच्या धमनीत नुसता थर जमायला लागला होता, कोणाची बरीच अरुंद झाली होती. त्यांच्यापैकी कोणाच्या छातीत दुखल्याची तक्रार नव्हती.

याचा अर्थ सरळ आहे. झटका पन्नाशीत येतो, पण त्याची तयारी विशीत सुरू झालेली असते. आणि आपल्याकडे तो पन्नाशीचीही वाट पाहत नाही. ५२ देशांतल्या रुग्णांवर झालेल्या 'इंटरहार्ट' या मोठ्या अभ्यासातली दक्षिण आशियाची आकडेवारी २००७ मध्ये वेगळी मांडली गेली. भारत आणि शेजारच्या देशांत पहिला झटका येण्याचं सरासरी वय ५३, इतर देशांत ५९. सहा वर्षं आधी! कारणं शोधली तेव्हा कोणतीही गूढ गोष्ट सापडली नाही. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातली वाईट चरबी, पोटाचा घेर, व्यायामाचा अभाव, आणि आपल्या लोकांच्या ताटात रोजची फळं-भाजी कमी.

यातल्या बहुतेक गोष्टी ताटाशी जोडलेल्या आहेत. त्या कशा, ते थोडक्यात पाहू. वर्गातही सांगता येतील.

मीठ : मीठ जास्त झालं की शरीर पाणी धरून ठेवतं, रक्ताचा फुगवटा वाढतो, धमन्यांवर दाब येतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. ही मर्यादा वरणातलं, भाजीतलं, लोणच्यातलं, फरसाणातलं, पाकिटातलं असं सगळं मीठ धरून आहे.

तळणाचं तेल : तेच तेल दिवसभर उकळत ठेवलं की ते बिघडतं. वनस्पती तुपासारख्या घट्ट केलेल्या तेलात ट्रान्स फॅट असते. ती रक्तातली वाईट चरबी वाढवते आणि चांगली कमी करते, म्हणजे दुहेरी नुकसान. तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २०२२ पासून देशात २ टक्क्यांची मर्यादा आली, ही चांगली गोष्ट आहे. वापरलेलं तेल किती बिघडल्यावर फेकायचं याचाही नियम २०१८ पासून आहे. पण चौकातल्या कढईत रोज डोकावणार कोण?

साखर : थंड पेयात १०० मिलिलिटरला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. पाव लिटरची बाटली म्हणजे २५ ग्रॅमच्या वर. आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराची वरून घातलेली साखर शक्यतो तेवढीच असावी. एका बाटलीत दिवसाचा कोटा संपला, चहा अजून बाकीच आहे!

भात : आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय. आपला भंडारा जिल्हा धानाचा. भाताला नावं ठेवली तर मला गावात राहता येणार नाही, आणि मी ठेवणारही नाही. पण २०२० मध्ये २१ देशांतल्या लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला ४५० ग्रॅमहून जास्त शिजलेला पांढरा भात खाणाऱ्यांत मधुमेहाचा धोका वाढलेला दिसला, आणि तो सर्वांत जास्त वाढला होता आपल्या दक्षिण आशियात. मधुमेह हा तर हृदयरोगाचा सख्खा भाऊ. आमचे आजोबा परातभर भात खायचे हे खरं, पण दिवसभर चिखलात उभं राहून रोवणीही करायचे. नातू तेवढाच भात खाऊन मोबाइल घेऊन पडतो. भात तोच आहे, बाकीचा दिवस बदलला.

खर्रा : हा आहार नाही, मला ठाऊक आहे. पण आपल्या भागात तो जेवणाची जागा घेतो म्हणून इथे लिहितो. खर्रा तोंडात असला की भूक मरते, दुपारचं जेवण टळतं. तंबाखू चघळणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका दुपटीहून जास्त असल्याचं 'इंटरहार्ट'मध्येच दिसलं आहे. आपण खर्रा म्हटला की तोंडाच्या कॅन्सरचं चित्र दाखवतो. हृदयाचं नावही घेत नाही.

मुलींचं दुखणं वेगळं

मुली चौकात उभ्या राहून आलूबोंडा खात नाहीत, म्हणून त्यांचं बरं चाललं आहे असं समजू नका. सकाळची बस पकडायची म्हणून न खाता निघतात. दोन उपवास आठवड्याला. घरी सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळलं. हिमोग्लोबिन कमी असलं की तेवढाच प्राणवायू पोहोचवायला हृदयाला जास्त वेळा धडधडावं लागतं. जिना चढताना दम लागतो, छातीत धडधडतं, आणि आपण म्हणतो, "नाजूक आहे पोरगी."

पुण्याच्याच त्या अभ्यासात असंही दिसलं, की गरोदरपणात हिरव्या पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळं अधिक चांगल्या वजनाची होती. आज कॉलेजात जाणारी मुलगी उद्याची आई आहे. तिच्या ताटाचा हिशोब दोन पिढ्यांना पुरतो.

बारा वर्षांची मोकळी जागा

आता माझा मुख्य मुद्दा. आपल्या मुलाच्या खाण्याकडे आणि तब्येतीकडे सरकार, शाळा आणि घर कधी पाहतात, याचा तक्ता मी एकदा वहीत मांडून पाहिला.

आठवीपर्यंत शाळेत पोषण आहार आहे. सहावी ते आठवीच्या मुलाला दुपारच्या जेवणातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं मोजमाप ठरलेलं आहे. तांदूळ १५० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम, भाजी ७५ ग्रॅम. आपण शिक्षक त्याची नोंद ठेवून ठेवून थकतो, पण निदान कोणीतरी मोजतं. नववीत गेलं की हे थांबतं.

तब्येतीची तपासणी अठरा वर्षांपर्यंत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, उंची-वजन घेतं, डोळे-दात पाहतं. या कार्यक्रमाची देशातली सुरुवात २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच झाली. मुलगा अठरा ओलांडून पुढे गेला की हेही थांबतं.

मग पुन्हा त्याचा रक्तदाब, साखर कोण पाहतं? असंसर्गजन्य आजारांची सरकारी तपासणी मोहीम आहे, आशाताई घरोघरी जाऊन फॉर्म भरतात. पण ती तीस वर्षांवरच्यांसाठी!

अठरा ते तीस. मधली बारा वर्षं कोणाच्याच वहीत नाहीत. आणि हीच ती वर्षं, ज्यात मुलगा पहिल्यांदा आईच्या स्वयंपाकघराबाहेर जेवतो, पहिल्यांदा स्वतःच्या पैशाने खातो, पहिल्यांदा रात्रभर जागतो. याच वयात सवयी पक्क्या होतात. बावीस वर्षांच्या सैनिकांच्या धमन्यांत जे दिसलं, ते याच वर्षांत.

कोणी म्हणेल, मग कॉलेजमध्ये जंक फूडवर बंदी आणा. कागदावर प्रयत्न झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये कॉलेजांना तशा सूचना दिल्या. शाळांसाठी तर २०२० चा नियम आहे : जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. चांगलंच आहे. पण बंदी फाटकापर्यंत असते, भूक फाटकाबाहेर जाते. एकावन्नाव्या मीटरवर कढई असतेच. शिवाय अठरा वर्षांच्या मुलाच्या हातातला आलूबोंडा काढून घेतला, तर त्याऐवजी त्याच्या हातात काय द्यायचं याचं उत्तर बंदीत नसतं. तो कढईवाला आपला शत्रूही नाही. त्याचंही पोरगं आपल्याच शाळेत शिकतं.

"पैसे कुठं आहेत गुरुजी?"

हा प्रश्न खरा आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. शासनाच्या स्वाधार योजनेत नागपूरसारख्या शहरात शिकणाऱ्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्याला वर्षाला ६० हजार रुपये धरले आहेत, त्यांपैकी जेवणाचे ३२ हजार. दहा महिने धरले तर दिवसाला साधारण १०६ रुपये. या योजनेबाहेरच्या कितीतरी घरांना तेवढेही पाठवता येत नाहीत. शंभर रुपयांत फळं, दूध, भाजी, दोन वेळचं जेवण बसवा म्हणणं सोपं आहे, बसवून दाखवणं अवघड.

म्हणून मी सफरचंद, बदाम आणि ऑलिव्ह तेल सांगणार नाही. पण आपल्या त्या मुलाचा खर्च आम्ही दोघांनी बसून मांडला. टोस्ट, आलूबोंडा, समोसा, नूडल्स, बाटली आणि खर्रा. मेसचे पैसे वेगळे ठेवूनही रोजचा आकडा शंभराच्या वर गेला. म्हणजे पैसे कमी होते हे खरं, पण जे होते तेही हृदयाच्या विरोधात खर्च होत होते. एका बाटलीच्या किमतीत दोन अंडी येतात. एका खर्ऱ्याच्या किमतीत मूठभर शेंगदाणे आणि केळ येतं. मूठभर चणे रात्री भिजत घातले तर सकाळचा टोस्ट सुटतो.

आणि आपल्या घरी काय नाही? वरण आहे. हिवाळ्यात पोपटाच्या शेंगा आहेत. अंबाडी, मेथी, पालक, कोचईची पानं आहेत. तलावातले मासे आहेत. जवस आहे. ज्या ओमेगा-३ साठी शहरातले लोक गोळ्या घेतात, त्याच कुळातली चरबी आपल्या जवसाच्या चटणीत असते. आपल्या आजीने हे सगळं न शिकता केलं. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये नवीन आहार मार्गदर्शिका काढली, त्यातही अर्धं ताट भाजी-फळांचं असावं असंच सांगितलं आहे. आपण ते ताट घरी ठेवतो आणि मुलाला रिकाम्या हाताने शहरात पाठवतो.

मग आपण काय करायचं?

माझं मत स्पष्ट आहे. बंदीची, योजनेची वाट जरूर पाहू, मागणीही करू. पण बारावीचा दाखला हातात देण्याआधी प्रत्येक मुलाला आणि मुलीला चार गोष्टी आल्याच पाहिजेत, आणि त्या शिकवणं हे शाळा आणि घर दोघांचं काम आहे.

१. स्वयंपाक. कुकर लावणं, वरण-भात, एक पालेभाजी, एक उसळ, पोळी किंवा भाकरी, अंडं उकडणं. एवढंच. निकालाआधीच्या सुट्टीत पंधरा दिवस पुरतात. आणि हे मुलांनी आधी शिकायचं! मुलींना आपण नको तितकं शिकवतो आणि मुलांना पाण्याचा पेला हातात देतो. मग तोच मुलगा खोलीवर राहायला गेला की उपाशी तरी राहतो किंवा कढईपाशी उभा राहतो. आईला माझी विनंती, लेकाला स्वयंपाकघरातून हाकलू नका. वडिलांना विनंती, तो पीठ मळतोय म्हणून हसू नका.

२. पाकीट वाचणं. गणिताच्या तासाला नूडल्स-चिप्सची रिकामी पाकिटं आणायला सांगा. मागे सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. १,००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे अडीच ग्रॅम मीठ, म्हणजे दिवसाच्या मर्यादेच्या निम्मं. आकडा १०० ग्रॅमचा आहे की पूर्ण पाकिटाचा, तेही पाहायला शिकवा. एनर्जी ड्रिंकवर 'मुलांसाठी आणि गर्भवतींसाठी नाही' अशी सूचना असते, बारीक अक्षरात. ती मोठ्याने वाचून घ्या. गुणाकाराचं एवढं उपयोगी उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

३. स्वतःचं खाणं लिहिणं. मराठीच्या शिक्षकांनो, 'माझा आवडता पदार्थ' हा निबंध खूप झाला. त्याऐवजी 'काल दिवसभरात मी काय खाल्लं' हा विषय द्या. अट एकच : खरं लिहायचं, आणि त्यावरून कोणाला हसायचं नाही, कोणाची गरिबी वर्गात उघडी पाडायची नाही. वह्या तपासताना तुम्हाला जे कळेल ते कोणत्याही अहवालात सापडणार नाही.

४. वर्षातून एकदा रक्तदाब. सरकारी दवाखान्यात तो मोफत मोजतात, तीस वर्षांची अट कोणी घालत नाही. दिवाळीला मुलगा घरी आला की नवे कपडे घ्यायला नेतो, तसं एकदा दवाखान्यात न्या. मुलीचं हिमोग्लोबिनही पाहून घ्या. आकडा जास्त-कमी निघाला तर घाबरू नका, एका वेळच्या मोजणीवरून काही ठरत नाही. डॉक्टर पुन्हा मोजून सांगतील.

आणि डब्याचं एक. सुट्टी संपवून मुलगा निघाला की आपण प्रेमाने शेव, चकल्या, तळलेला चिवडा भरून देतो. दोन किलो मीठ-तेलच देतो म्हणा ना! त्याऐवजी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, मुरमुरे, जवसाची चटणी, तिळाचे लाडू, वाळवलेली भाजी द्या. प्रेम तेवढंच राहील.

त्या मुलाचं पुढे काय झालं?

दिवाळीच्या त्याच सुट्टीत त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा मोजलं, आकडा चढाच होता. रक्त, लघवी तपासली, दुसरं काही कारण निघालं नाही. त्यांनी सांगितलं : खर्रा बंद, एनर्जी ड्रिंक बंद, मीठ निम्मं, रोज अर्धा तास झपाझप चाल, आणि तीन महिन्यांनी परत ये.

तो खोलीतल्या दोघांना घेऊन कुकर लावायला लागला. पहिल्या आठवड्यात तीनदा भात करपला म्हणे. त्याच्या आईने फोनवरून वरणाला फोडणी कशी द्यायची ते शिकवलं. पुढच्या होळीला आला तेव्हा आकडा १२८ आणि ८२ होता. खर्रा पूर्ण सुटला नव्हता. ते त्याने स्वतःहून कबूल केलं. एका मुलावरून काही सिद्ध होत नाही, हे विज्ञानाचा शिक्षक म्हणून मला कळतं. पण त्याचा आकडा त्याला विसाव्या वर्षी कळला, तोही योगायोगाने, रक्तदानाच्या रांगेत उभा राहिला म्हणून. जो रांगेत उभाच राहिला नाही, त्याचं काय?

जाताना तो म्हणाला, "गुरुजी, हे आठवीतच सांगितलं असतं त?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. यंदा आठवीला हृदयाची आकृती शिकवून झाली की दुसऱ्या दिवशी मी पाकिटं आणायला सांगणार आहे. तुम्हीही सांगून पाहा. आणि पालकहो, यंदा दाखला न्यायला याल तेव्हा शाखा, होस्टेल आणि शिष्यवृत्तीसोबत चौथा प्रश्नही विचारा, "तिथं पोरगं खाईल काय?" त्याचं उत्तर आपण मिळून शोधू.